वर्तनबदलावर संशोधन करताय? पहिला फॉर्म भरून घेण्याआधी हे वाचा

माझ्या पहिल्या अभ्यासात लोकांनी रोज किती चाललो ते एका छोट्या वहीत लिहायचं होतं. बारा आठवड्यांनी वह्या परत आल्या. एक उघडली, तर ८४ दिवसांच्या नोंदी एकाच निळ्या पेनने, एकाच तिरक्या अक्षरात, आणि जवळपास सगळे आकडे शून्यावर संपणारे. पहिल्या दिवसाची शाई आणि शेवटच्या दिवसाची शाई सारखीच ताजी. वही बहुतेक आदल्या रात्री बसून भरली होती. मी त्या माणसावर चिडलो. पुढे कळलं की चूक माझी होती.

२००२ साली दुखण्याच्या रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात कागदी डायरीच्या फाइलमध्ये प्रकाश ओळखणारा सेन्सर गुपचूप बसवला होता, म्हणजे फाइल कधी उघडली ते कळत होतं. लोकांच्या लिहिण्याप्रमाणे ९० टक्के नोंदी वेळेवर झाल्या होत्या. सेन्सरप्रमाणे ११ टक्के. वेळेची नोंद आपोआप ठेवणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र ज्यांना दिलं, त्यांचा आकडा ९४ टक्के होता. हा लेख मी आधी वाचला असता तर माझं एक वर्ष वाचलं असतं.

आरोग्याशी संबंधित वर्तन बदलण्याच्या अभ्यासात, म्हणजे चालणं, धूम्रपान सोडणं, गोळ्या वेळेवर घेणं, हात धुणं अशा विषयांत जे नवीन उतरताहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. पदव्युत्तर प्रबंध असो वा पहिला अनुदानित प्रकल्प, अडखळण्याच्या जागा त्याच असतात आणि त्यातल्या बहुतेक जागा पहिला सहभागी दारात येण्याआधीच्या आहेत.

१. वर्तन एका वाक्यात लिहा

कोणी, काय, कधी, कुठे, किती वेळा. "व्यायामाबद्दल जागरूकता वाढवणे" हे वर्तन नव्हे. "वजन कमी होणे" हेही नव्हे, तो परिणाम झाला. "दिवसभर बसून काम करणाऱ्या व्यक्तीने आठवड्यातून किमान पाच दिवस, सलग ३० मिनिटं, भरभर चालणे" हे वर्तन. हे वाक्य भिंतीवर चिकटवा. पुढचा प्रत्येक निर्णय त्याच्याशी ताडून बघायचा आहे.

इथला नेहमीचा सापळा म्हणजे वर्तनाऐवजी इच्छा मोजणं. प्रश्नावलीत "पुढच्या महिन्यात चालायला सुरुवात करण्याचा माझा विचार आहे" असं विचारलं, आकडा वाढला, की प्रबंध यशस्वी. २००६ साली ४७ प्रयोगांचं एकत्रित विश्लेषण झालं. परिणामाच्या प्रमाणित मापावर (०.२ लहान, ०.५ मध्यम, ०.८ मोठा) त्यात इच्छेतला बदल ०.६६ इतका होता, म्हणजे मध्यमच्या वर. प्रत्यक्ष वर्तनातला बदल ०.३६ होता, जेमतेम निम्मा. इच्छा मोजायला हरकत नाही, मात्र ती मधली पायरी म्हणून मोजा.

२. लोक ते का करत नाहीत, हे आधी शोधा

गोळ्या न घेणारी तीन माणसं घ्या. एक विसरते. दुसरीला वाटतं, आता बरं वाटतंय तर गोळी कशाला. तिसरीला दर महिन्याला आरोग्य केंद्रावर जायला सुट्टीच मिळत नाही. तिघींना मोबाइलवर आठवणीचा मेसेज पाठवलात तर फार तर पहिलीचा फायदा होईल.

यासाठी कॉम-बी हा सोपा सांगाडा वापरतात. क्षमता, संधी आणि प्रेरणा या तिन्ही गोष्टी जुळल्या तर वर्तन घडतं, असं तो मानतो. सुझन मिची आणि सहकाऱ्यांनी २०११ साली तो वर्तनबदलाच्या चाकाचा, म्हणजे उपक्रम आखण्यासाठीच्या चाकासारख्या आकृतीचा, गाभा म्हणून मांडला. आणखी बारकाईने बघायचं तर वागण्यामागची कारणं १४ कप्प्यांत लावणारी सैद्धांतिक चौकट आहे, तिची सुधारित आवृत्ती २०१२ची. मुलाखती घेताना फक्त न करणाऱ्यांनाच गाठू नका. त्याच परिस्थितीत राहून जे नियमित करतात, त्यांच्याकडून जास्त शिकायला मिळतं. हे मला दुसऱ्या अभ्यासात उमगलं.

एक तक्रार नोंदवून ठेवतो. प्रस्तावनेत एखाद्या सिद्धांताची आकृती चिकटवायची आणि पुढे उपक्रम आखताना तिच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही, असे प्रबंध ढिगाने आहेत. सिद्धांत वापरला म्हणायचं असेल तर उपक्रमातला कोणता भाग कोणत्या कारणावर काम करतो, याचा दोन रकान्यांचा तक्ता तरी दाखवा.

३. इंटरव्हेन्शन, म्हणजे वर्तन बदलायला आखलेला उपक्रम, असं लिहा की परक्यालाही तसंच करता येईल

माझ्या पहिल्या प्रोटोकॉलमधलं, म्हणजे अभ्यासाच्या लेखी आराखड्यातलं, वाक्य होतं: "सहभागींना समुपदेशन करण्यात आले." परीक्षकाने समासात एवढंच लिहिलं होतं, "म्हणजे काय केलंत?" तेच मी नंतर असं लिहिलं:

"प्रशिक्षित परिचारिकेने समोरासमोर, २० मिनिटांच्या तीन भेटी दिल्या; पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात. पहिल्या भेटीत सहभागीने स्वतः रोजच्या पावलांचं उद्दिष्ट ठरवलं, आणि कोणत्या वेळी, कुठून कुठे चालायचं ते कार्डावर स्वतःच्या हाताने लिहिलं. पुढच्या भेटींत मागच्या आठवड्यांचे आकडे एकत्र बघितले, अडचणी विचारल्या, हवं तर उद्दिष्ट बदललं."

आता यातली तंत्रं वेगळी काढता येतात: उद्दिष्ट ठरवणं, कृतीचा आराखडा, स्वतःची नोंद, प्रतिसाद, अडचणी सोडवणं. या तंत्रांना नावं देताना प्रत्येकाने स्वतःची परिभाषा काढू नये म्हणून २०१३ साली एक वर्गीकरण प्रसिद्ध झालं. त्यात १६ गटांत विभागलेली ९३ तंत्रं आहेत, प्रत्येकाची व्याख्या आणि उदाहरण आहे. ते उघडून बसा. सुरुवातीला सगळंच "प्रोत्साहन" वाटतं. मग लक्षात येतं की शाबासकी देणं, बक्षीस कबूल करणं आणि बक्षीस प्रत्यक्ष देणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. शक्य असेल तर दोघांनी वेगवेगळं कोडिंग करा, म्हणजे कुठे कोणतं तंत्र आहे ते यादीवरून ओळखा, आणि जुळतं का बघा. माझं आणि माझ्या सहकारी मैत्रिणीचं पहिल्या फेरीत बिलकुल जुळलं नव्हतं.

वर्णनासाठी टायडियर ही १२ मुद्द्यांची यादी आहे, २०१४ची. का, कशाने, कोणी, कसं, कुठे, किती, बदल केले का, ठरल्याप्रमाणे झालं का, असे साधे प्रश्न आहेत. ती पेपर लिहिताना भरायची म्हणून बाजूला ठेवू नका, आखणी करतानाच भरा. आणि एक परीक्षा घ्या. प्रकल्पाशी संबंध नसलेल्या सहकाऱ्याच्या हातात पानं द्या आणि सांगा, "उद्या तुला पहिली भेट घ्यायची आहे." तो जे जे विचारेल, ते ते तुमच्या लिखाणातून सुटलेलं आहे.

४. कंट्रोल ग्रुपला काय मिळतं?

कंट्रोल ग्रुप, म्हणजे इंटरव्हेन्शन न मिळणारा तुलनेचा गट. त्याच्यापुढे "नेहमीची सेवा" असं लिहून बहुतेक जण मोकळे होतात. एका केंद्रातली नेहमीची सेवा म्हणजे दोन मिनिटं आणि चिठ्ठी, तर दुसरीकडे अर्ध्या तासाचं समजावणं आणि फोन. एचआयव्हीच्या औषधांचं सातत्य राखण्यासाठी झालेल्या प्रयोगांचं २००९ साली पुनर्विश्लेषण झालं. त्यात दिसलं की कंट्रोल ग्रुपला मिळणारी सेवा प्रयोगागणिक बरीच वेगळी होती आणि ती जिथे चांगली, तिथे कंट्रोलचे निकालही चांगले. मग दोन अभ्यासांचे आकडे शेजारी ठेवून "हे इंटरव्हेन्शन जास्त प्रभावी" असं कसं म्हणणार? कंट्रोलच्या सेवेचंही त्याच ९३च्या यादीने कोडिंग करा.

आता माझा गोंधळ. पावलं मोजायची म्हणून मी दोन्ही गटांना पेडोमीटर दिले. आकडा सतत समोर दिसत होता. दोन्ही गट जास्त चालू लागले आणि फरक पुसला गेला. स्वतःची नोंद ठेवणं हे स्वतःच एक वर्तनबदलाचं तंत्र आहे, आणि ते मी मोजमापाच्या नावाखाली कंट्रोललाही फुकट वाटलं होतं. आकडा न दाखवणारं यंत्र घ्यायला हवं होतं. नुसती लांबलचक प्रश्नावली भरूनही माणूस विचारात पडतो आणि वागणं थोडं बदलतं, म्हणून सुरुवातीची प्रश्नावली आटोपशीर ठेवा.

एकाच केंद्रातले दोन गट एकमेकांशी बोलतात, कार्डं दाखवतात. ही गळती होण्यासारखी असेल तर माणसांऐवजी अख्ख्या केंद्रांचं रँडमायझेशन करा, म्हणजे कोणतं केंद्र कोणत्या गटात ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवा. त्याची किंमत सॅम्पल साईजमध्ये, म्हणजे सहभागींच्या संख्येत, मोजावी लागते, ती सहाव्या पायरीत बघू.

५. मोजमाप: इथे घाई केलीत तर पुढचं सगळं वाया

लोक खोटं बोलतात असं नाही. आठवण दगा देते, आणि समोरच्याला चांगलं वाटावं असंही वाटतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणात २००३-०४ साली लोकांच्या कमरेला हालचाल मोजणारं यंत्र बांधलं. रोज ३० मिनिटांच्या हालचालीची शिफारस पाळणारे प्रौढ ५ टक्क्यांपेक्षाही कमी निघाले. स्वतः सांगितलेल्या माहितीवरून हा आकडा कितीतरी मोठा दिसायचा.

जमेल तिथे वस्तुनिष्ठ माप घ्या, पण त्याची मर्यादाही जाणून घ्या. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड काही तासांतच उतरतो. त्यामुळे काल ओढलेली सिगारेट आज सापडेलच असं नाही. लाळेतलं कोटिनिन (निकोटिनपासून शरीरात तयार होणारा पदार्थ) काही दिवस मागचं सांगतं, पण निकोटिनचे पॅच लावणाऱ्यांतही ते सापडतं. धूम्रपान सोडण्याच्या अभ्यासांसाठी २००५चं रसेल मानक आहे: किमान सहा महिन्यांचा पाठपुरावा, त्या काळात पाचपेक्षा जास्त सिगारेटी नाहीत, जैवरासायनिक पडताळणी, आणि जे संपर्कातून सुटले ते ओढतच आहेत असं धरायचं. तुमच्या विषयात असं मानक असेल तर तेच वापरा. "आम्ही स्वतः तयार केलेली प्रश्नावली" हे शब्द परीक्षकाला पहिल्या पानापासून सावध करतात.

मराठी अनुवादाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे माझे हात पोळलेत. इंग्रजी मोजपट्टीवर पाच पायऱ्या होत्या. अनुवादकाने त्यातल्या दोन पायऱ्यांना "कधीकधी" आणि "अधूनमधून" असे शब्द दिले. सहभागी विचारायचे, "यातलं जास्त कोणतं?" मलाही सांगता येईना. त्याहून वाईट होतं ते वाक्य "मी गोळी घ्यायला विसरत नाही." यावर "कधीच नाही" अशी खूण करणाऱ्याला काय म्हणायचंय? कधीच विसरत नाही, की न विसरता कधीच घेत नाही? तो सगळा रकाना टाकून द्यावा लागला.

म्हणून क्रम असा ठेवा: दोघांकडून स्वतंत्र अनुवाद, त्यातून एक पक्की प्रत, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याकडून उलट अनुवाद, आणि मग आठ-दहा जणांना समोर बसवून, "हा प्रश्न वाचताना तुमच्या मनात काय आलं ते मोठ्याने सांगा." उलट अनुवाद अगदी बरोबर येऊनही प्रश्न फसलेला असू शकतो. ते फक्त या शेवटच्या टप्प्यात कळतं. हा टप्पा वगळून वेळ वाचवू नका.

६. सॅम्पल साईज

दोन समान गट, ८० टक्के पॉवर (परिणाम खरा असेल तर तो पकडण्याची शक्यता), ५ टक्के पातळी (परिणाम नसताना तो आहे असं वाटण्याची शक्यता) असं धरलं, तर ०.५ इतका मध्यम परिणाम पकडायला प्रत्येक गटात ६४ माणसं लागतात. परिणाम ०.२ असेल तर ३९३. वर्तनबदलाचे परिणाम बहुधा लहान असतात, तेव्हा "मागच्या प्रबंधात ३० होते" हा आधार सोडून द्या. २० टक्के गळती धरली तर ६४चे ८० होतात.

केंद्रांचं रँडमायझेशन असेल तर एक गुणक लावायचा: १ + (प्रत्येक केंद्रातली माणसं − १) × केंद्रांतर्गत सहसंबंध (एकाच केंद्रातली माणसं किती सारखी वागतात, त्याचं माप). दर केंद्रात २० माणसं आणि सहसंबंध ०.०५ असेल तर १ + १९ × ०.०५ = १.९५. म्हणजे १२८ जणांचा अभ्यास २५० जणांचा झाला. ०.०५ दिसायला किरकोळ, पण त्याने आकडा जवळपास दुप्पट केला.

छोट्या पायलटमध्ये, म्हणजे आधीच्या चाचणी-अभ्यासात, दिसलेला परिणाम उचलून त्यावरून सॅम्पल काढू नका. वीस माणसांत आलेला आकडा फार डळमळीत असतो. पायलट कशासाठी असतो? लोक यायला तयार आहेत का, फॉर्मला किती वेळ लागतो, यंत्र दिवसभर टिकतं का, हे बघायला. एवढंच.

७. नोंदणी, परवानगी आणि विश्लेषणाचा आराखडा

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने २००५पासून प्रयोगाची सार्वजनिक नोंदवहीत आधी नोंदणी असण्याची अट घातली आहे. नोंदणी पहिल्या सहभागीच्या आधी व्हायला हवी. नंतर केलेली नोंदणी दिसते, तारीख सगळ्यांना उघड असते.

याने काय फरक पडतो? हृदयविकारावरच्या औषधांच्या आणि पूरक आहाराच्या मोठ्या अमेरिकी प्रयोगांचा आढावा २०१५ साली आला. २०००च्या आधीच्या ३० प्रयोगांपैकी १७ मध्ये फायदा दिसला होता. मुख्य निष्कर्ष-माप आधी जाहीर करण्याची पद्धत रूढ झाल्यानंतरच्या २५ पैकी फक्त २ मध्ये. नोंदणी हे एकमेव कारण असेलच असं नाही, पण विचार करायला लावणारे आकडे आहेत. हिशेब साधा आहे: कशाचाच परिणाम नसताना २० स्वतंत्र मापं तपासलीत, तर एखादं तरी निव्वळ योगायोगाने "लक्षणीय" निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. म्हणून मुख्य माप एकच ठरवा, वेळही ठरवा ("सहाव्या महिन्यात"), आणि बाकीची दुय्यम म्हणून नोंदवा.

एथिक्स कमिटीकडे, म्हणजे संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीकडे, जाण्याआधी हे हाताशी ठेवा:

- प्रोटोकॉल, पानावर आवृत्ती क्रमांक आणि तारखेसह
- माहितीपत्रक आणि संमतीपत्र, सहभागींच्या भाषेत
- सगळ्या प्रश्नावल्या आणि त्या वापरण्याची परवानगी (मोजपट्ट्यांवर हक्क असतात; ईमेल जपून ठेवा)
- इंटरव्हेन्शनची पुस्तिका, कार्डं, मेसेजचा मजकूर
- भरलेली टायडियर यादी
- विश्लेषणाचा आराखडा: मुख्य माप, सुटलेल्या नोंदींचं काय करणार, कोणते उपगट बघणार
- डेटा कुठे, किती काळ, कोणाच्या ताब्यात राहणार

आवृत्ती क्रमांकाची गंमत वाटेल, पण माझी फाइल एकदा केवळ संमतीपत्रावर आवृत्ती दोन आणि प्रोटोकॉलवर आवृत्ती तीन होती म्हणून परत आली. सहा आठवडे गेले.

८. ठरलं ते खरंच होतंय का?

निकाल "परिणाम नाही" असा आला की प्रश्न पडतो: इंटरव्हेन्शन कुचकामी होतं, की ते दिलंच गेलं नाही? याचं उत्तर नंतर शोधता येत नाही, नोंदी आधीपासून ठेवाव्या लागतात. २००४ सालच्या एका शिफारशीत याचे पाच भाग सांगितले आहेत: आखणी, देणाऱ्यांचं प्रशिक्षण, प्रत्यक्ष देणं, घेणाऱ्याला समजणं, आणि त्याने ते रोजच्या जगण्यात वापरणं. नवखे लोक तिसऱ्यापाशी थांबतात, आणि तेही "सर्व भेटी पूर्ण" अशी खूण करून.

भेटींचं ध्वनिमुद्रण करा, अर्थात संमतीने, आणि त्यातल्या यादृच्छिक निवडलेल्या काही भेटी यादीशी ताडून ऐका. माझ्या अभ्यासातल्या एक अनुभवी परिचारिका पहिल्या महिन्यात सहभागीला स्वतःचं उद्दिष्ट ठरवू द्यायच्या. चौथ्या महिन्यातल्या मुद्रणात त्याच म्हणतात, "सात हजार लिहा, सगळे तेच लिहितात." त्यांचा दोष नाही, कामाच्या रेट्यात असंच होतं. मधे एक उजळणीचं सत्र ठेवलं असतं तर वेळीच सावरलं असतं.

९. पाठपुरावा आणि सुटलेली माणसं

सहा आठवड्यांचा पाठपुरावा प्रबंधाच्या वेळापत्रकाला सोयीचा, वर्तनाला नाही. २१ दिवसांत सवय लागते हे ऐकीव आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, ९६ जणांच्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लागलेला मध्यक काळ ६६ दिवस आला, आणि माणसागणिक तो १८ ते २५४ दिवस इतका वेगळा होता.

जे सोडून जातात ते बहुधा ज्यांना जमलं नाही ते असतात. फक्त शेवटपर्यंत टिकलेल्यांचे आकडे मोजलेत तर निकाल आपोआप चांगला दिसतो. ज्याला ज्या गटात टाकलं, त्याच गटात त्याला मोजा. सुरुवातीलाच दोन फोन नंबर घ्या, त्यातला एक घरच्या कोणाचा, तोही त्यांना विचारून. सोडून जाणाऱ्याला कारण विचारा, पण गळ घालू नका.

१०. लिहिताना

प्रयोगाचा अहवाल कन्सॉर्टच्या, म्हणजे अहवालात काय काय हवं ते सांगणाऱ्या, यादीप्रमाणे लिहा. २०१०च्या आवृत्तीत २५ मुद्दे होते, २०२५च्या आवृत्तीत ३० आहेत. जुनी प्रत अजूनही सगळीकडे फिरते, तेव्हा नवी उतरवून घ्या. नोंदणीत जे मुख्य माप लिहिलं तेच पेपरमध्ये मुख्य ठेवा. मधे बदललं असेल तर कधी आणि का, ते दोन ओळींत सांगा.

पुस्तिका, कार्डं, अनुवादित प्रश्नावली, विश्लेषणाचा कोड हे सगळं खुल्या भांडारात ठेवा. मोजपट्टीचे हक्क दुसऱ्याचे असतील तर ती वगळा. माझ्या त्या फरक न दिसलेल्या पेडोमीटर अभ्यासाचा पेपर दोन ठिकाणांहून परत आला, तिसरीकडे छापून आला. त्यानंतर आजवर सर्वांत जास्त मागणी आली ती त्यातल्या दुरुस्त केलेल्या मराठी प्रश्नावलीला.